कराटे शिकायला सुरुवात करताना: क्लबची निवड, पहिले आठवडे आणि पहिली परीक्षा

कराटे शिकायचे ठरले की बहुतेकांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो शैलीचा: कोणती शैली चांगली, कोणती जास्त लढाऊ, कोणती मुलांना झेपणारी. हा प्रश्न चुकीचा नाही, पण तो दुसऱ्या क्रमांकाचा आहे. जवळच्या क्लबमध्ये शिकवणारी व्यक्ती कोण आहे आणि अगदी नव्या विद्यार्थ्याला ती पहिल्या तीन महिन्यांत कसे हाताळते, हा पहिला प्रश्न. मूठ नीट वळणे, पाय जमिनीवर भक्कम रोवणे, जोडीदाराला इजा न करता त्याच्यासमोर तंत्राचा सराव करणे, या गोष्टी प्रत्येक शैलीत शिकाव्याच लागतात, आणि त्या जिथे संयमाने शिकवल्या जातात तिथेच नवखा माणूस टिकतो. मी पहिल्यांदा क्लब निवडला तेव्हा हे पाहिले नव्हते. दुसऱ्याच आठवड्यात कोणतेही संरक्षक साहित्य न देता आम्हा नवख्यांना मोकळ्या लढतीसाठी उभे केले गेले. मूठ कशी धरायची हेच कोणी दाखवले नसल्यामुळे माझ्या उजव्या अंगठ्याचा सांधा मुरगळला, आणि त्यानंतर कित्येक महिने मी कराटेकडे फिरकलो नाही. पुढे दुसऱ्या क्लबमध्ये अनेक वर्षे शिकताना, आणि नंतर नव्या विद्यार्थ्यांच्या रांगेसमोर उभे राहताना जे समजत गेले, ते येथे क्रमाने मांडले आहे.

शिकायचे नेमके काय असते

कराटेचा उगम ओकिनावा बेटावर झाला. पूर्वी तेथे ऱ्युक्यू हे स्वतंत्र राज्य होते, आणि तेथील 'ते', म्हणजे 'हात', या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्थानिक युद्धकलेत चिनी युद्धकलांची भर पडत गेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आन्को इतोसु यांनी ही कला ओकिनावातील शाळांमध्ये आणली आणि विद्यार्थ्यांना झेपतील असे पाच 'पिनान' काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या मालिका, रचले. १९२२ मध्ये गिचिन फुनाकोशी यांनी तोक्यो येथे प्रात्यक्षिक दाखवले, आणि त्यानंतर कराटे जपानभर पसरले. पांढरा गणवेश आणि दर्जा दाखवणारे पट्टे ज्युदोचे संस्थापक जिगोरो कानो यांच्या पद्धतीवरून कराटेत आले. 'कराटे' या शब्दाचा आजचा अर्थ 'रिकामा हात' असा आहे. पूर्वी तो 'चिनी हात' अशा अर्थाच्या चिन्हांनी लिहिला जात असे.

प्रत्यक्ष वर्गात तीन गोष्टी शिकवल्या जातात. पहिली किहोन, म्हणजे ठोसे, अडवणी, लाथा आणि उभे राहण्याच्या पद्धती यांचा सुटा सराव. दुसरी काता, म्हणजे ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या दिशांना वळत करायच्या हालचालींची मालिका. तिसरी कुमिते, म्हणजे जोडीदारासोबतचा सराव, जो आधी पूर्णपणे ठरलेला असतो आणि हळूहळू मोकळा होत जातो. चांगल्या क्लबमध्ये आठवडाभरात या तिन्हींना जागा मिळते. फक्त लढती किंवा फक्त काता चालणारे वर्गही असतात आणि त्यांचा स्वतंत्र उद्देश असू शकतो, पण नवख्याने सुरुवात तिथून करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

शैलींतील फरक ढोबळपणे माहीत असला तरी पुरे. फुनाकोशी यांच्या परंपरेतील शोतोकानमध्ये पवित्रे लांब आणि खोल असतात. चोजुन मियागी यांच्या गोजू-ऱ्यूमध्ये जवळच्या अंतरावरील तंत्रे आणि श्वासावर भर असतो. केन्वा माबुनी यांच्या शितो-ऱ्यूमध्ये काता संख्येने पुष्कळ आहेत. हिरोनोरी ओत्सुका हे मुळात जुजुत्सु ही जपानी युद्धकला शिकलेले होते, म्हणून त्यांच्या वादो-ऱ्यूमध्ये अंग चुकवण्याला महत्त्व आहे. मासुतात्सु ओयामा यांनी स्थापन केलेल्या क्योकुशिनमध्ये पूर्ण ताकदीने लढत होते, मात्र हाताचा ठोसा चेहऱ्यावर मारण्यास मनाई असते. गुडघ्यांना जुना त्रास असणाऱ्याने खोल पवित्र्यांचा विचार करावा, आणि अंगावर मार घेण्याची तयारी नसणाऱ्याने क्योकुशिनचा वर्ग पाहिल्याशिवाय नाव नोंदवू नये. याहून अधिक काथ्याकूट करण्यात अर्थ नाही, कारण जवळपास असलेल्या दोन-तीन क्लबांमधूनच बहुधा निवड करायची असते.

वर्ग पूर्ण पाहिल्याशिवाय पैसे भरू नयेत

ही या लेखातील सर्वांत महत्त्वाची सूचना आहे. क्लबशी आधी बोलून, परवानगी घेऊन, नवख्यांचा एक वर्ग सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसून पाहावा. वर्ग पाहू द्यायलाच एखादा क्लब तयार नसेल, तर तेवढ्यावरून त्याचे नाव यादीतून काढावे. पालकांनी तर याबाबत जराही संकोच करू नये: मुलांचा वर्ग बंद दाराआड चालत असेल आणि पालकांना कधीच आत बसू दिले जात नसेल, तर प्रशिक्षक कितीही नावाजलेले असले तरी मुलाला तिथे पाठवू नये.

वर्ग पाहताना नजर सर्वांत पुढच्या रांगेतील काळ्या पट्ट्यांकडे जाते. ती तिथून काढून शेवटच्या रांगेकडे न्यावी. तिथे उभ्या असलेल्या नवख्यांकडे कोणाचे लक्ष आहे का? त्यांना हालचाल तोडून, टप्प्यांत दाखवली जाते, की ते पुढच्यांचे पाहून कसेबसे हात हलवत आहेत? प्रशिक्षक चूक सुधारतात तेव्हा काय चुकले एवढेच सांगतात, की काय करायचे तेही सांगतात? मी ज्या क्लबमध्ये अखेर नाव घातले तिथला पाहिलेला पहिला वर्ग मला आजही आठवतो. काता चालू असताना एक नवा मुलगा डावीकडे वळण्याऐवजी उजवीकडे वळला आणि अख्ख्या रांगेच्या समोर तोंड करून उभा राहिला. दोघे-तिघे हसले. प्रशिक्षकांनी वर्ग थांबवला, सर्वांना पुन्हा मूळ जागी आणले, स्वतः त्या मुलाच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि मोजणी सुरू करून ते वळण त्याच्याबरोबर केले. मुलाच्या डाव्या खांद्यावर त्यांनी दोन बोटे टेकवली होती, एवढेच. वळायची बाजू त्या स्पर्शाने कळत होती. दुसऱ्या फेरीत त्यांनी बोटे काढून घेतली आणि मुलगा बरोबर वळला. त्या पाच मिनिटांत मला क्लबबद्दल जे कळले ते कोणत्याही माहितीपत्रकातून कळले नसते.

सुरक्षिततेकडेही याच वेळी पाहावे. वर्गाच्या आरंभी अंग गरम करण्यासाठी पुरेसा वेळ दिला जातो का, मध्ये पाणी पिऊ दिले जाते का, जमीन घसरडी किंवा फुटकी नाही ना, प्रथमोपचाराची पेटी समोर दिसते का, जोड्या लावताना वजन, उंची आणि अनुभव लक्षात घेतला जातो का, हे सारे बसल्या जागेवरून दिसते. लढतीचा सराव चालू असेल तर कोणी जोरात लागल्यावर प्रशिक्षक काय करतात ते विशेष लक्षपूर्वक पाहावे. तत्काळ थांबवून विचारपूस होत असेल तर ठीक. दुखापतीला 'एवढे चालायचेच' म्हणून पुढे ढकलले जात असेल तर तिथून निघावे. मुलांच्या वर्गात शिक्षा म्हणून मुठींवर दंड काढायला लावणे किंवा कठीण पृष्ठभागावर ठोसे मारायला लावणे दिसले, तर तो स्पष्ट नकाराचा मुद्दा समजावा, कारण वाढत्या वयातील हाडांवर असा भार टाकण्याचे काहीच कारण नसते.

वर्ग संपल्यावर प्रशिक्षकांना काही प्रश्न सरळ विचारावेत. त्यांचा स्वतःचा दर्जा कोणता आणि तो कोणत्या संघटनेने दिला? क्लब कोणत्या राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय संघटनेशी संलग्न आहे, आणि येथे मिळालेला पट्टा दुसरीकडे मानला जातो का? मासिक शुल्काखेरीज परीक्षा, संलग्नता, विमा, गणवेश आणि स्पर्धा यांचे वेगळे पैसे किती व केव्हा द्यावे लागतात? मध्येच सोडायचे झाले तर काय? मुलांना शिकवणाऱ्यांची पार्श्वभूमी तपासलेली आहे का? सच्चा प्रशिक्षक या प्रश्नांनी दुखावत नाही. ठरावीक मुदतीत काळा पट्टा मिळवून देण्याची हमी कोणी देत असेल, किंवा वर्षभराची रक्कम पहिल्याच दिवशी भरण्याचा आग्रह धरत असेल, तर मात्र सावध व्हावे. बहुतेक क्लब एक-दोन वर्ग प्रायोगिक म्हणून करू देतात. तशी सोय मागून घ्यावी आणि त्यानंतरही पहिल्यांदा महिन्यापुरतेच शुल्क भरावे.

स्पर्धेची आवड असणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. जागतिक कराटे महासंघाच्या नियमांनी होणाऱ्या लढतीत ठोशाला १ गुण, धडावरील लाथेला २ आणि डोक्याच्या उंचीवर नियंत्रित रीतीने मारलेल्या लाथेला ३ गुण मिळतात. तोक्यो ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ मध्ये प्रत्यक्ष पार पडलेल्या २०२०च्या स्पर्धांत, कराटे याच पद्धतीने खेळले गेले. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कराटेचा समावेश नव्हता. क्योकुशिनच्या स्पर्धांचे नियम पूर्णपणे वेगळे आहेत. कोणत्या नियमांचा सराव क्लबमध्ये होतो हे आधी कळले तर पुढे अपेक्षाभंग होत नाही.

शरीराची तयारी

कराटे सुरू करण्यासाठी आधी तंदुरुस्त असावे लागते, हा गैरसमज आहे. तंदुरुस्ती वर्गातच येते. मात्र हृदयविकार, उच्च रक्तदाब, दमा, मधुमेह, अपस्मार, पाठीचे किंवा गुडघ्याचे जुने दुखणे, अलीकडची शस्त्रक्रिया किंवा गर्भारपण असेल, तर नाव नोंदवण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे आणि त्यांनी जे सांगितले ते प्रशिक्षकांनाही सांगावे. लपवलेला आजार वर्गात सर्वांनाच अडचणीत आणतो. दम्याचा पंप वापरणाऱ्याने तो पिशवीत न ठेवता मैदानाच्या कडेला, हाताशी ठेवावा.

आठवड्यातून दोन वर्ग ही सुरुवातीसाठी योग्य मात्रा आहे. एकाच वर्गाने मागचे शिकलेले पुढच्या आठवड्यापर्यंत विसरायला होते, आणि उत्साहाच्या भरात चार-पाच वर्ग घेणाऱ्यांचे नडगी, टाच किंवा कंबर यांपैकी काहीतरी महिनाभरात कुरकुरू लागते. वर्गाआधी दोन तास भरपेट जेवू नये.

कपडे, पट्टा आणि इतर साहित्य

पहिल्या काही वर्गांना सैलसर पँट आणि टी-शर्ट पुरतो. गणवेश लगेच घेण्याची घाई करू नये. टिकणार अशी खात्री झाली की क्लबच्या सल्ल्याने गणवेश, म्हणजे 'गी', घ्यावा. नवख्याला हलक्या कापडाचा गी सोयीचा असतो. सुती गी पहिल्या काही धुण्यांत आटतो, म्हणून तो किंचित मोठा घ्यावा आणि थंड पाण्यात धुवावा. प्रत्येक वर्गानंतर तो धुणे हा जोडीदाराच्या सन्मानाचा भाग आहे. हातापायांची नखे कापलेली असावीत. अंगठ्या, कडी, साखळ्या, घड्याळ आणि कानातले वर्गाआधी काढून ठेवावेत. लांब केस मऊ रबराने बांधावेत, पिना लावू नयेत.

गी घालताना डावी बाजू उजवीच्या वर येते. याच्या उलट बाजू फक्त मृत व्यक्तीला पोशाख घालताना वर घेतात, त्यामुळे जपानी पद्धतीत ही चूक लगेच खटकते. पट्टा बांधण्याच्या दोन-तीन रीती आहेत; सर्वांत सोपी अशी. पट्ट्याचा मध्य बेंबीच्या थोडा खाली धरावा, दोन्ही टोके कमरेभोवती मागे नेऊन पाठीवर एकमेकांवरून ओलांडावीत आणि पुन्हा पुढे आणावीत. दोन्ही टोके सारख्या लांबीची आहेत ना ते पाहावे. मग डावीकडचे टोक उजव्यावरून नेऊन कमरेवरच्या दोन्ही थरांच्या खालून वर काढावे आणि दोन्ही टोके ताणून घ्यावीत. आता वर आलेले टोक खाली वळवून दुसऱ्याशी एक साधी गाठ मारावी. गाठ सपाट बसली आणि टोके दोन बाजूंना आडवी गेली तर बरोबर बांधले गेले. एक टोक वर आणि एक खाली असे उभे राहिले तर दुसरी गाठ पहिलीच्याच दिशेने पडली आहे असे समजावे, ती सोडून उलट दिशेने मारावी. घरी दहा-बारा वेळा बांधून पाहिले की हात आपोआप वळू लागतो.

मुठीचे पॅड, नडगीचे पॅड, दातांचे कवच आणि जांघेचे कवच यांची गरज जोडीदारासोबत मोकळ्या सरावाला सुरुवात होताना लागते. ते आधी घेण्याने बिघडत नाही, पण क्लबमध्ये कोणत्या प्रकारचे चालते ते विचारूनच घ्यावेत. दातांना तारा लावलेल्यांनी कवच दंतवैद्याच्या सल्ल्याने निवडावे.

पहिला दिवस

वेळेच्या दहा-पंधरा मिनिटे आधी पोहोचावे. डोजोत, म्हणजे सरावाच्या जागेत, शिरताना आणि बाहेर पडताना दारापाशी थांबून कमरेतून वाकून अभिवादन करण्याची पद्धत आहे. पादत्राणे बाहेर राहतात. वर्ग दर्जाच्या क्रमाने रांगेत उभा राहतो आणि नवख्याची जागा बहुधा रांगेच्या शेवटच्या टोकाला असते. त्यानंतर सर्वजण गुडघ्यांवर बसतात, त्या बैठकीला 'सेइझा' म्हणतात. काही क्षण डोळे मिटून शांत बसतात, त्याला 'मोकुसो' म्हणतात. आणि मग 'रेइ' या शब्दावर अभिवादन होते. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे असे बसता येत नसेल तर आधी सांगून मांडी घालून बसावे किंवा उभे राहावे, त्यात अवमान नाही. उशीर झाला तर कडेला थांबून प्रशिक्षकांनी खूण केल्यावरच रांगेत यावे. वाकून अभिवादन करण्याबाबत कोणाला धार्मिक संकोच असेल तर त्यांनी प्रशिक्षकांशी आधीच बोलावे. यातून मार्ग निघतो.

काही शब्द पाठ करून गेल्यास पहिला दिवस बराच हलका जातो. 'योइ' म्हणजे तयार, 'हाजिमे' म्हणजे सुरू, 'यामे' म्हणजे थांबा. 'मावात्ते' म्हणजे वळा. 'जोदान' म्हणजे डोक्याची पातळी, 'चुदान' म्हणजे धडाची, 'गेदान' म्हणजे कमरेखालची. 'झुकी' हा ठोसा, 'उके' ही अडवणी, 'गेरी' ही लाथ. मोजणी अशी: इची, नी, सान, शी, गो, रोकू, शिची, हाची, क्यू, जू. या सर्वांमध्ये 'यामे' हा शब्द असा आहे की तो ऐकताच हालचाल जिथे असेल तिथे थांबलीच पाहिजे, कारण तो दुखापत टाळण्यासाठी उच्चारला जातो. हे शब्द कोणाकडून तोंडी वदवून घेतले जात नाहीत. वर्गात ते रोज कानांवर पडून रुळतात.

पहिले सहा आठवडे

मूठ वळण्यापासून आरंभ करावा, आणि ती कोणी दाखवली नाही तर मागून घ्यावी. चारही बोटे आधी मधल्या पेरांतून, मग मुळातून घट्ट दुमडावीत, आणि अंगठा बाहेरून तर्जनी व मधल्या बोटावर आडवा दाबावा. अंगठा कधीही मुठीच्या आत नको आणि तर्जनीच्या पुढे आलेलाही नको. आघात पहिल्या दोन बोटांच्या मुळाशी असलेल्या उंचवट्यांनी व्हायला हवा. त्या उंचवट्यांपासून कोपरापर्यंत एक सरळ रेषा राहिली पाहिजे. मनगट वर किंवा खाली वाकलेले असेल तर पहिल्याच खऱ्या आघातात ते दुखावते.

सरळ ठोशात, म्हणजे 'चोकु-झुकी'मध्ये, मूठ कमरेच्या वर, तळवा आकाशाकडे ठेवून सुरू होते. कोपर बरगड्यांना घासत पुढे जाते, मूठ शेवटच्या क्षणी वळून तळवा खाली येतो, आणि त्याच क्षणी दुसरा हात तेवढ्याच वेगाने मागे कमरेशी येतो. या मागे येणाऱ्या हाताला 'हिकिते' म्हणतात. नवख्याच्या तीन चुका ठरलेल्या असतात: खांदा कानाकडे चढतो, कोपर बाहेर फाकते, आणि हात शेवटी झटक्याने पूर्ण ताठ होऊन कोपराचा सांधा दुखू लागतो. तिसरी चूक सर्वांत घातक आहे. हवेत ठोसा मारताना कोपर अगदी किंचित सैल ठेवावे. वेग त्यामुळे कमी होत नाही.

पवित्र्यांमध्ये 'झेंकुत्सु-दाची' पहिल्यांदा शिकवला जातो. शोतोकानमध्ये त्याची लांबी खांद्यांच्या रुंदीच्या साधारण दुप्पट आणि रुंदी खांद्यांएवढी असते, व अर्ध्याहून अधिक वजन पुढच्या पायावर येते. इतर शैलींत तो आखूड असतो. रुंदी न ठेवता दोन्ही पाय एका रेषेत ठेवले तर दोरीवर उभे राहिल्यासारखे शरीर डुलते. मोजमापापेक्षा एक नियम महत्त्वाचा: पुढचा गुडघा त्याच पायाच्या बोटांच्या दिशेनेच वाकला पाहिजे. तो आतल्या बाजूला कलला की गुडघ्याच्या आतील भागावर ताण येतो, आणि हा ताण महिनोन्‌महिने जाणवतही नाही, मग एकदम जाणवतो. आरशासमोर उभे राहून पुढच्या पायाचे मधले बोट आणि गुडघ्याची वाटी एका रेषेत आहेत का, हे रोज पाहावे.

पुढची लाथ, 'मे-गेरी', चार टप्प्यांत शिकावी: गुडघा वर, पाय पुढे, पाय परत मागे, आणि मगच जमिनीवर. पायाची बोटे वर ओढून चवड्याने आघात करायचा असतो. बोटे खाली राहिली तर ती मोडण्याचा धोका असतो. उंची हा सुरुवातीला विषयच नसावा. कमरेच्या उंचीवर मारलेली आणि नीट मागे घेतलेली लाथ ही डोक्यापर्यंत भिरकावलेल्या लाथेपेक्षा प्रत्येक बाबतीत चांगली.

काता आणि जोडीदारासोबतचा सराव

शोतोकानमध्ये पहिला मुख्य काता म्हणजे 'हेइआन शोदान'. त्यात २१ हालचाली आहेत आणि पायांचा मार्ग वरून पाहिल्यास आडव्या रेषांनी दोन्ही टोकांना बंद केलेल्या उभ्या रेघेसारखा दिसतो. गंमत अशी की हाच काता शितो-ऱ्यू आणि वादो-ऱ्यूमध्ये 'पिनान निदान', म्हणजे दुसरा पिनान, या नावाने ओळखला जातो. फुनाकोशी यांनी पिनान कातांना 'हेइआन' हे नाव दिले आणि त्यांतील पहिल्या दोन कातांची अदलाबदल केली होती. गोजू-ऱ्यूमध्ये बहुधा 'गेकिसाइ' काताने सुरुवात होते, जो मियागी यांनी १९४० मध्ये रचला.

काता पाठ करताना आधी फक्त पाय चालवावेत. हात कमरेशी ठेवून, कोणत्या वेळी कोणत्या दिशेला वळायचे एवढेच तीन-चार दिवस करावे. दिशा पक्क्या झाल्या की हात आपसूक बसतात. वळण्याआधी नजर नव्या दिशेला गेली पाहिजे, मग शरीर. ओरडण्याच्या, म्हणजे 'किआइ'च्या, जागा ठरलेल्या असतात आणि तो आवाज घशातून नव्हे तर पोटातून, श्वास सोडताना निघायला हवा. लाजून हळू ओरडणारे अनेकजण प्रत्यक्षात श्वासच रोखून धरत असतात, आणि त्यांनाच लवकर धाप लागते.

जोडीदारासोबत पहिला सराव ठरलेल्या पावलांचा असतो. 'गोहोन कुमिते'मध्ये हल्ला करणारा आपण कोणत्या पातळीवर मारणार ते आधी सांगतो, पाच पावले पुढे येत पाच ठोसे मारतो, समोरचा मागे सरत अडवतो आणि शेवटी एक प्रतिहल्ला करतो. येथे शिकायचे ते अंतर. ठोसा इतका प्रामाणिक असावा की अडवले नाही तर पोहोचेल, आणि इतका आवरलेला असावा की पोहोचला तरी लागणार नाही. समोरचा नवखा असेल तर वेग कमी करणे ही ज्येष्ठाची जबाबदारी आहे, आणि ज्येष्ठ ती पाळत नसेल तर 'थोडे हळू करू या' असे म्हणण्याचा नवख्याला पूर्ण हक्क आहे. मोकळ्या लढतीसाठी पहिले काही महिने थांबावे. त्याआधी आग्रह झाला तर नम्रपणे नकार द्यावा.

दुखणे कोणते, दुखापत कोणती

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मांड्या, पोटऱ्या आणि खांद्यांचे स्नायू दुखतात. वर्गानंतर एक-दोन दिवसांनी वाढणारे आणि मग ओसरणारे हे दुखणे स्वाभाविक असते. हलके चालणे आणि झोप यांनी ते जाते. सांध्यात टोचल्यासारखे दुखणे, सूज, एकाच जागी बोट ठेवून दाखवता येणारी कळ, किंवा वर्गागणिक वाढत जाणारा त्रास ही मात्र थांबण्याची खूण आहे. अंग गरम करताना हालचालींसह ताणावे, आणि एकाच स्थितीत दीर्घकाळ धरून ठेवायचे ताण वर्ग संपल्यावर घ्यावेत.

डोक्याला मार लागल्यावर डोकेदुखी, चक्कर, मळमळ, उलटी, अंधुक दिसणे किंवा गोंधळल्यासारखे वाटणे यांपैकी काहीही झाले, तर त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरू नये आणि डॉक्टरांना दाखवावे. याबाबत विद्यार्थ्याचा उत्साह किंवा प्रशिक्षकांचा आग्रह यांपैकी कशालाही जागा देऊ नये.

घरचा सराव

रोज पंधरा मिनिटे पुरतात, पण ती विभागलेली असावीत: दोन मिनिटे अंग मोकळे करणे, पाच मिनिटे एकाच पवित्र्यात ये-जा, पाच मिनिटे काता, आणि उरलेला वेळ त्या आठवड्यात प्रशिक्षकांनी दाखवलेल्या एकाच चुकीवर. वर्ग संपल्यावर लगेच, कपडे बदलण्यापूर्वी, ती चूक वहीत एका ओळीत लिहून ठेवण्याची सवय मला फार उपयोगी पडली. 'डावे वळण घेताना मागची टाच उचलली जाते' एवढी ओळ पुरे. दुसऱ्या दिवशी ती वाचली की सराव कशाचा करायचा याचा विचार करावा लागत नाही. दृक्‌श्राव्य फिती पाहून शिकण्यात एक अडचण आहे: त्यातील काता आपल्या क्लबच्या पद्धतीपेक्षा वेगळा असू शकतो, म्हणून कोणती फीत पाहावी हे प्रशिक्षकांनाच विचारावे.

पहिली परीक्षा

काळ्या पट्ट्याआधीचे दर्जे 'क्यू'मध्ये मोजले जातात आणि ते उलटे जातात: मोठ्या आकड्यापासून, बहुधा दहाव्या किंवा नवव्या क्यूपासून, पहिल्या क्यूपर्यंत. त्यानंतर 'शोदान', म्हणजे काळ्या पट्ट्याचा पहिला दर्जा (दान). पट्ट्यांचे रंग आणि त्यांचा क्रम संघटनेनुसार बदलतो, म्हणून दुसऱ्या क्लबमधील रंगाशी आपल्या रंगाची तुलना करून काही हाती लागत नाही. नियमित येणाऱ्या विद्यार्थ्याला पहिली परीक्षा साधारण तीन ते सहा महिन्यांत देता येते. परीक्षेला बसवायचे की नाही हे प्रशिक्षकांवर सोडावे, आपणहून विचारत राहू नये; मात्र दर महिन्याला परीक्षा आणि दर परीक्षेला शुल्क असे चित्र दिसले तर कारण विचारावे.

परीक्षेच्या दिवशी गी स्वच्छ आणि इस्त्री केलेला असावा. आधी किहोन, मग काता, मग ठरलेले कुमिते असा क्रम बहुधा असतो. परीक्षक हालचालींच्या नेमकेपणाबरोबरच चूक झाल्यावर विद्यार्थी काय करतो तेही पाहतात. काता मध्येच विसरला तर चेहरा न पाडता तिथेच थांबावे, परवानगी मागावी आणि पुन्हा सुरुवातीपासून करावा. मी पाहिलेल्या अनेक विद्यार्थ्यांनी असे केले आणि ते उत्तीर्ण झाले. अनुत्तीर्ण झाल्यास कोणत्या भागात कमी पडलो ते परीक्षकांकडून त्याच दिवशी समजून घ्यावे आणि पुढच्या वर्गाला न चुकता यावे, कारण ज्यांनी तो एक वर्ग टाळला त्यांतील बरेचजण पुन्हा दिसले नाहीत.

उत्तीर्ण झालेल्यांसमोर शोतोकानमध्ये 'हेइआन निदान' येतो. हेइआन शोदानमध्ये एकही लाथ नव्हती. येथे मात्र बाजूची लाथ, 'योको-गेरी', आणि पुढची लाथ दोन्ही आहेत, आणि बाजूच्या लाथेबरोबर त्याच दिशेने मुठीचाही फटका द्यायचा असतो. त्यासाठी एका पायावर स्थिर उभे राहता आले पाहिजे. परीक्षेच्या दुसऱ्याच दिवसापासून, भिंतीला बोटांचा हलका आधार घेऊन, एक गुडघा कमरेइतका वर उचलून तीस आकडे मोजेपर्यंत उभे राहावे, मग पाय बदलावा; आठवड्याभरात बोटे भिंतीवरून काढून घेता येतात.